शिकारीचे बूट कोकणात चालतील का? बादलीत बुडवून, सड्यावर घासून सांगतो

हां, आवाज येतोय ना? पावसाने जरा उघडीप दिलीय तेवढ्यात रेकॉर्ड करून घेतो, मागे बेडूक ओरडतायत त्यांना माझा इलाज नाही.

आधी हे बघा. (बादली पुढे ओढतो) ही बादली आणि हे दोन बूट. हा डावीकडचा चामड्याचा, आठ इंच उंच, आत वॉटरप्रूफ मेंब्रेन, किंमत सांगत नाही कारण आई हा चॅनल बघते. आणि हा उजवीकडचा कॅनव्हासचा हंटर, मिलिटरीवाले, एनसीसीवाले घालतात तो, खाली रबरी सोल, माझा हजाराच्या आत आलाय. सुके असताना दोघांचं वजन करून ठेवलंय, त्यासाठी शेजारून मासे तोलायचा ताणकाटा मागून आणलाय. चामड्याचा एक बूट ७८० ग्रॅम, हंटर ५४०. आता दोन्ही बुडवतो, पार आत पाणी जाईपर्यंत, म्हणजे वहाळ, ओढा हो, ओलांडताना गुडघाभर पाण्यात गेलात की जे होतं तेच. राहू दे पाच मिनिटं.

हा व्हिडिओ करायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात चारपाच पोरांनी मला एकच विचारलं, दादा शिकारीला जायचे बूट सांग. तर पहिल्यांदा स्पष्ट सांगतो, शिकार करायची नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, ससा मारला तरी केस होते, "आमच्या गावात सगळेच करतात" हे कोर्टात चालत नाही. माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या लायसनवरची, आणि ते रानात जायचे ते टायरच्या वहाणा घालून, त्यामुळे बूट हा विषय आमच्या घरात तसा नवीनच.

पण रानात जाणारे आजही आहेतच की. जूनच्या पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या (खेकडे) धरायला जाणारे, चढणीच्या माशांना जाणारे (गाभोळीवाली मासळी सोडा रे, ती वर येते तीच अंडी घालायला), श्रावणाच्या आसपास अळंबी शोधत फिरणारे, डुकरांपासून भात राखायला मचाणावर बसणारे, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, कातळशिल्पं बघत हिंडणारे. चालायची जमीन सगळ्यांची तीच. त्यांच्यासाठी हा व्हिडिओ.

आता होतं काय, आपण यूट्यूबवर हंटिंग बूट टाकतो आणि समोर येतात अमेरिकेतले काका, बर्फात उभे, हातात नऊ इंची बूट, आणि सांगतात की ४०० ग्रॅम इन्सुलेशन, ८०० ग्रॅम इन्सुलेशन, १२०० ग्रॅम इन्सुलेशन. हे ग्रॅम म्हणजे बुटाचं वजन नाही बरं, आतलं जे उबदार अस्तर असतं ते चौरस मीटरला किती ग्रॅम भरतं तो आकडा. ते काका बरोबरच सांगतात, त्यांना पहाटे बर्फात दोन तास हरणाची वाट बघत बसायचंय, पाय गोठतात. आपल्याला देवगडात बसून काय गोठणार? आपल्याकडे पाय शिजतो. त्यामुळे इन्सुलेटेड असा शब्द दिसला की तो बूट बघायचाच नाही, कितीही डिस्काउंट असू दे.

दुसरा शब्द वॉटरप्रूफ. इथे मी स्वतः फसलोय म्हणून जरा वेळ घेतो. मेंब्रेन म्हणजे बुटाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो, त्याला इतकी बारीक भोकं की बाहेरच्या पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. आता ही वाफ बाहेर जाते कधी, तर आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असेल तेव्हा. जुलैत कोकणात बाहेरची हवा कोरडी? भिंतीवरची कॅलेंडरं ओली होतात आपल्याकडे. म्हणजे वाफ जायचं काम जवळजवळ बंद, आणि बूट आतून घामानेच ओला. त्यात आपला पाऊस काही रिमझिम नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटर सहज होतो आणि आंबोलीत त्याच्या दुपटीच्या आसपास जातो, तो पँटवरून ओघळत सरळ बुटाच्या तोंडातून आत येतो. एकदा आत आलं की वॉटरप्रूफ बुटातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. पहिल्या वर्षी मी दिवसभर दोन तांबे पाणी पायात घेऊन फिरलोय, पचक पचक आवाज करत. आमचा कुडाळचा मामा बघून म्हणाला, "पानी भायर रवाक होया तर बूट कित्याक, होडी घे!"

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोकणात पाणी अडवणारा बूट शोधू नका, पाणी सोडणारा शोधा. पाय भिजणार हे धरूनच चाला. आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याचे जंगल बूट होते त्यांना खाली सोलजवळ, आतल्या अंगाला, जाळी लावलेली दोन भोकं असायची, चालताना पाय दाबला की पाणी पिचकारीसारखं बाहेर. वरचा भाग नायलॉन-कॅनव्हासचा, लवकर सुकणारा. आपल्या साध्या हंटरला भोकं नसतात काहींना, पण कॅनव्हासमधूनच पाणी निघून जातं.

(बूट बाहेर काढतो) हं, झाली पाच मिनिटं. आता उलटे करून झटकतो. हे बघा चामड्याच्यातून किती निघालं. वजन करू. चामड्याचा ११४०. हंटर ७१०. दोन्ही इथे पडवीत उलटे टांगून ठेवतो, शेवटी परत तोलू.

आता सोल. ह्यात सगळ्यात जास्त फरक पडतो आणि लोक सगळ्यात कमी बघतात, रंग बघतात. आपली जमीन तीन प्रकारची, एक म्हणजे सडा, जांभ्याचा. उन्हाळ्यात तो खोबरं खवायच्या खवणीसारखा असतो, बारीक भोकं आणि धारदार कडा, मऊ फोमचा सोल दोन महिन्यांत खाऊन टाकतो. तोच सडा पावसात काळा पडतो, वर शेवाळ चढतं आणि मग तो साबण. दुसरी लाल माती, ओली झाली की बुटाला चिकटून किलो-किलोचे लाडू होतात. तिसरी वहाळातली गोल धोंड.

ह्या तिघांना एकच बूट हवा असेल तर रबरी सोल घ्या, फोमचा नको. दुकानात ओळखायचं कसं, तर नख दाबा. रबरात नख थोडं रुततं आणि लगेच भरून येतं, हाताला जड लागतं. हलकं फुल आणि नखाची रेघ तशीच राहिली की तो फोम. आणि नख अजिबात रुतलंच नाही, प्लॅस्टिकच्या बादलीसारखं कडक लागलं, तर तो ओल्या कातळावर तुम्हाला बसवणारच. खालचे दात चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे माती अडकून बसत नाही. दाट दाट नक्षी दिसायला भारी, पण दहा पावलांत भरते आणि तळ सपाट.

शेवाळाचं मात्र खरं सांगतो, शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, इटालियन असो की आग्र्याचा. मी काय करतो, काथ्याचं सुंभ घेतो आणि बुटाच्या पुढच्या भागाला दोन-तीन वेढे मारून वर गाठ बांधतो, तेवढा वहाळ ओलांडेपर्यंत. खरखरीत असल्यामुळे धरतं. दिसतं भयंकर, फोटो काढू नका.

अजून एक धोका, हा माझ्या बाबतीत झालेला. एक चांगला ब्रँडेड बूट होता, नाव घेत नाही, तीन वर्षांत आठ-दहा वेळा घातला असेल, बाकी वेळ खोक्यात, माळ्यावर, जपून. गेल्या ऑक्टोबरात कशेळीच्या सड्यावर हत्तीचं कातळशिल्प बघायला गेलो, गाडीतून उतरून शंभर पावलं नसतील झाली, पाय एकदम लपक लपक करायला लागला. मागे वळून बघतो तर कातळावर माझ्या पावलांमागे काळा चुरा सांडलेला, शिळ्या केकचा पडावा तसा. सोलचा मधला थर हातात घेतला तर बोटांनी कुस्करला गेला. उरलेली दुपार दोन्ही बूट बुटाच्याच नाड्यांनी बांधून काढली. तेव्हा मला वाटलं फसवलं. मग कळलं की पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो, बूट वापरा की नका वापरू. उलट पडून राहिला तर जास्तच. आणि आपल्यासारखी दमट हवा असेल तर विचारूच नका. त्यामुळे पीयू सोलचा बूट घेतलात तर जपू नका, घाला. आणि सेलमध्ये दोन-तीन वर्षांचा जुना स्टॉक अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून उड्या मारू नका, डब्यावरची महिना-वर्षाची तारीख बघा.

नुसता चिकटवलेला सोल असेल तर नवीन असतानाच मोचीकाकांकडे नेऊन कडेने शिलाई मारून घ्या, मी दोन्ही पायांचे दीडशे दिले. वॉटरप्रूफ बुटाला हे करू नका, सुईने भोकं पडतात.

उंची किती? घोट्याच्या वर हवीच. एक तर सड्यावर घोटा मुरगळतो, आणि दुसरं म्हणजे फुरसं, विषारी साप. आपल्याकडे फुरसं भरपूर, वीतभर-हातभर लांब, मातीच्याच रंगाचं, दगडाखाली बसलेलं, आणि ते पायालाच चावतं. रात्री कुर्ल्यांना जाणाऱ्यांनी म्हणून मी सांगतो गमबूट घाला, पोटरीपर्यंत. हो, गमबुटातही पाणी साचतं, मी आत्ताच पाण्याबद्दल एवढं बोललो, पण गमबूट काढून उलटा करायला दहा सेकंद लागतात, आणि रात्री वहाळाच्या कडेला जिथे हात घालतो, पाय घालतो तिथे काय आहे ते दिसत नाही. त्यात जखम झालेला पाय चिखलात गेला की लेप्टोची, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते ती वेगळीच. फक्त लांब चालायचं असेल तर गमबूट नको, टाच सोलून निघते. आणि चावलंच काही तर बूट कापत बसू नका, दोरी आवळू नका, मांत्रिक नको, सरळ हॉस्पिटल.

दोडामार्ग, बांदा बाजूच्या लोकांनी पँट मोज्यात खोचायची, गोचिडीमुळे. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाच्या केसेस २०१६-१७ला तिकडे झाल्यात.

माप. बूट सकाळी घेऊ नका, संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. जे मोजे घालणार तेच नेऊन घाला. आतलं इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, त्यावर उभे राहा, करंगळी बाहेर लोंबतेय का बघा. आपल्यातले बरेचजण लहानपणी अनवाणी वाढलेत, पंजा रुंद असतो, आणि कंपन्यांचे साचे अरुंद, मग आपण एक नंबर मोठा घेतो आणि टाच आत नाचते. नंबर वाढवू नका, रुंद साच्याचा बूट शोधा. पुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे, नाहीतर घाटी उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. दुकानात जिना असेल तर उतरून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मोजे सुती नकोत, सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि ओली कातडी घासली की फोड आलाच. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, आणि एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात.

आणि हे, फ्रिजवरचा लोहचुंबक. (चुंबक बुटाला लावतो) नाडीच्या रिंगांना लावून बघा. चिकटला म्हणजे लोखंड, किनाऱ्याला दुसऱ्या पावसाळ्यात गंजून नाडी कापणार. पितळेला चिकटत नाही.

सुकवायचं तर आत वर्तमानपत्र कोंबा, तासाने बदला. चुलीपाशी ठेवू नका, गोंद सुटतो, चामडं तडकतं. खोबरेल तेल चोपडायचं असतं असं गावात सगळे सांगतात, थोडं ठीक, पण जास्त झालं की चामडं ढिलं पडतं, आणि आमच्याकडे एक बूट उंदराने खाल्लाय.

बरं, किती वेळ झाला? पन्नास मिनिटं, मध्ये लाईट गेलेली ती कापलीय मी. तोलू या. चामड्याचा… १०९०. म्हणजे अजून तीनशे ग्रॅमच्या वर पाणी आतच. हंटर… ६३०. हात घालून बघतो, हं, तळाला ओला आहे, बाजू नुसत्या दमट. मोजे बदलून आत्ता घालू शकतो हा. चामड्याच्यात हात घातला तर अजून गार पाणी लागतंय पुढे बोटांपाशी, हा परवापर्यंत काही… आला, पाऊस आला, थांबा, ताणकाटा आत घेतो आधी, तो परत द्यायचाय.