विरी गेलेलं पीठ

मंडळी, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. तुमच्यातल्या साठीपुढच्यांना ती नक्की आठवत असेल. माझी आई ताटात भाकरीचे तुकडेच वाढायची अन् म्हणायची, "हिला विरीच नाही." विरी म्हणजे पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा. त्याच 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं. पुढं मी अन्नतंत्र शिकले, ज्वारीतच अख्खी नोकरी काढली. पण विरी हा शब्द काही आमच्या पुस्तकांत सापडला नाही.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. मग भाकरीला धरून कोण ठेवतं? आधण. उकळतं पाणी पडलं की पिठातल्या स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि बाकीच्या पिठाला बांधून घेतात. एवढं मला येत होतं, त्याचा ताठाही होता.

नोकरीच्या सुरुवातीला सात-आठ वाणांच्या भाकरीची चाचणी लागली. मी सगळी ज्वारी एकदम दळून आणली, डबे भरले, वर चिठ्ठ्या डकवल्या. मग काहीतरी निघालं आणि चाचणी तीन आठवडे पुढं गेली. भाकरी करायला आलेल्या मावशींनी काठवटीत पीठ घेतलं, आधण ओतलं, तळहातानं रगडून मळलं. थापायला घेतलं तर कडेनं भेगा. दुसरा डबा, तीच गत. भाकरीला नावाजलेली मालदांडीसुद्धा चिरली! मावशींनी चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवलं. "बाई, कधी दळलंय हे? समदी विरी गेली की याची."

दाण्याच्या कोंबात तेल असतं. दाणा अखंड असेस्तोवर ते सुखरूप. दळलं की पिठातली विकरं, म्हणजे एन्झाइम, ते फोडायला लागतात आणि पीठ कडवट होतं. मावशींच्या जिभेनं तेच टिपलं होतं. मी मात्र मालदांडीला वहीत नापास करायला निघाले होते. पुढची प्रत्येक चाचणी ताज्या दळणावर केली.

परभणी शक्ती हा ज्वारीचा वाण 2018 साली आला. किलोमागं साधारण 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त. कौतुक आहेच, पण लोह दाण्यात असणं निराळं आणि अंगी लागणं निराळं. ज्वारीतलं फायटिक आम्ल ते अडवून धरतं. पीठ आंबवलं की हे आम्ल कमी होतं, म्हणून आंबिलीला हसू नका. भाकरीवर लिंबू पिळलं तरी लोह जास्त शोषलं जातं.

परवा एका मुलीनं विचारलं, मटकीसारखे ज्वारीचे मोड पाकिटात घालून विकू का? मी म्हटलं, अजिबात नको. कोवळ्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. माल्ट करतानासुद्धा मोड वाळवून, चोळून काढून टाकतात. तिला पटेना. शेजारी तिचे वडील बसले होते.

"किरळ म्हणतात ती हीच ना?" ते म्हणाले. "ज्वारी कापल्यावर खोडव्याला आलेले फुटवे खाऊन माझी एक कालवड गेलीय."