दूधसागराच्या वाटेवर स्वयंसेवकांनी नेमकं काय करायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरून ऑक्टोबर उजाडला की गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या जिपांचा हंगाम येतो. त्याच सुमाराला महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांचीही सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी जागा शोधायची धांदल सुरू होते. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास हे गणित या मुलांना तोंडपाठ असतं. दरवर्षी भिंती रंगवून कंटाळलेल्या तुकड्यांना मग दूधसागर ज्या रानात आहे ते मोले आठवतं. गोव्यातलं हे एकमेव राष्ट्रीय उद्यान, 1978 मध्ये घोषित झालेलं. उद्यानाचा गाभा 107 चौरस किलोमीटरचा, आणि भोवतालचं भगवान महावीर अभयारण्य धरलं तर एकूण 240.

इथे आलेली बहुतेक शिबिरं पहिल्या दिवशी कचऱ्याची पोती भरतात. फोटो चांगले येतात. कचरा उचलायलाच हवा, पण मुलांचा खरा उपयोग वेगळ्या जागी आहे. धबधब्याच्या आवाजात, पाण्यात उतरलेल्या माणसाला काठावरून कितीही ओरडून सांगितलं तरी तो ऐकत नाही. तोच माणूस जिपेची वाट पाहत उभा असतो तेव्हा त्याला दुसरं काही काम नसतं, आणि त्या पाच मिनिटांत सांगितलेलं तो ऐकतो. म्हणून वीस मुलं असतील तर बारा जिपा सुटण्याच्या जागी ठेवा. चार पायवाटेवर, दोन पाण्याजवळ आणि दोन मोकळी, कुणाला बरं वाटेनासं झालं तर बदली म्हणून. कुणीही एकटं उभं राहायचं नाही, कायम जोडीनं. दोन तासांनी जागा बदलायची, कारण तेच तेच बोलून तिसऱ्या तासाला आवाजात वैताग येतो आणि पाहुण्याला तो लगेच कळतो.

परवानगीचं पत्र निदान महिनाभर आधी वन खात्याच्या वन्यजीव विभागाकडे द्यावं. त्यात मुलांची नावं, वयं, सोबतचे शिक्षक, तारखा, वाहनांचे क्रमांक आणि नेमकं काय काम करणार ते लिहावं. ‘जनजागृती’ एवढा एकच शब्द लिहिला, तर तुम्हाला कुठे उभं करायचं हे वनरक्षकालाही उमगत नाही. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी मुलांच्या मनावर ठसवा. स्वयंसेवकाच्या हातात अधिकार नसतो. तो सांगतो आणि विनवतो. दारूची बाटली दिसली तर ती हिसकावायची नाही, वनरक्षकाला कळवायचं.

आता पाहुणे काय विचारतात ते बघू. सगळ्यात जास्त गोंधळ रस्त्याचा. बेळगावकडून घाट उतरून आलेली गाडी मोलेच्या तिठ्यावर थांबते आणि धबधबा इथेच असेल असं समजते. जिपा सुटतात कुळ्याहून, तिठ्यापासून पाचेक किलोमीटरवर. तिथून पुढे जंगलातला कच्चा रस्ता, वाटेत जिपेनं ओलांडायचे ओढे, आणि शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायी. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजींना हे सुटण्याआधी कळायला हवं, तिकीट काढून झाल्यावर कळून काय उपयोग? दर विचारले तर आकडा तोंडी सांगू नका, तो बदलतो. फलकाकडे बोट दाखवा. कर्नाटकातून येणारे पुष्कळ असतात, तेव्हा कन्नड बोलणारं एखादं पोर तुकडीत असेल तर त्याला तिठ्यावरच उभं करा.

दुसरा प्रश्न, ‘रेल्वेरुळावरून चालत गेलं तर चालेल का?’ नाही चालणार. कर्नाटकातल्या कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंत, धबधब्याशेजारून जाणारा हा 26 किलोमीटरचा रेल्वेघाट. चढ 37 फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबात फारच खडा. वळणं आणि बोगदे इतके, की पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, आणि पावसात, धबधब्याच्या गजरात ऐकूही येत नाही. बोगद्यात माणसाला बाजूला व्हायला जागा अपुरी. शिवाय 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोरांना हे कलम सांगितलं की ती हसतात. बोगद्याचं सांगितलं की गप्प होतात. तेव्हा बोगद्यापासूनच सुरुवात करा.

जीवरक्षक जॅकेटवर थोडं थांबू या, कारण तिथे चूक ठरलेली असते. पाहुणे जॅकेट अंगात अडकवतात आणि पट्टे मोकळे सोडतात. असं जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. म्हणून चेन लावा, सगळे पट्टे आवळा, आणि मग दोन्ही खांद्यांकडून धरून जॅकेट वर ओढून बघा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे किंवा मापाचं नाही. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही, कितीही आवळलं तरी. आणि जिपेत जॅकेटावर बसायचं नाही. त्यातला फोम दबून दबून पातळ होतो आणि तरंगवायची ताकद हरवून बसतो. अर्धा हंगाम उशी म्हणून वापरलेलं जॅकेट वरून नव्यासारखंच दिसतं, हीच त्यातली मेख.

पाण्याजवळची जोडी पाण्यात उतरत नाही, पोहता येत असलं तरी. त्यांच्या हाती शिट्टी आणि दोर, आणि नजर पाण्याच्या रंगावर. दूधसागरचं पाणी 310 मीटर उंचीवरून येतं आणि त्याचं पाणलोट वर घाटमाथ्यावर. खाली ऊन असतानाही वर पाऊस कोसळलेला असू शकतो. पाणी चहासारखं गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, की तीन लांब शिट्ट्या आणि सगळ्यांना वर. वाट बघायची नाही. आपल्याकडे कोंड म्हणतात तो धबधब्याखालचा खोल डोह वरून शांत वाटतो, पण पडणारं पाणी तळाशी जाऊन घुसळत असतं आणि कोसळत्या धारेजवळ गेलेल्या माणसाला खाली खेचतं. कुणी बुडू लागलं तर दोर, बांबू, रिकामं जॅकेट, जे हाताला येईल ते फेकायचं. मागोमाग उडी मारायची नाही. घसरून पडणं मात्र पाण्यात कमी आणि काठावर जास्त होतं. शेवाळाचा हिरवट, काळपट, चकाकणारा दगड टाळायचा, पांढुरका खरखरीत दगड बघून पाय ठेवायचा.

‘वाघ दिसेल का?’ हा प्रश्न दिवसातून निदान पन्नासदा येईल. खरं उत्तर द्यावं. या रानात वाघाचा वावर आहे, पण जिपांच्या घरघरीत तो दिसायचा नाही. त्याऐवजी मान वर करायला सांगा. शेकरू फांद्यांवरून धावताना पानं सळसळतात. धनेश उडाला की पंखांचा फूत्कार आधी ऐकू येतो. गव्याची गोष्ट वेगळी. तो आपल्या राज्याचा प्राणी, आणि रस्त्यावर उभा राहिला तर हॉर्न वाजवायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. एकटा नर फुरफुरू लागला, खूर आपटू लागला, तर मागे सरायचं. माकडांना खाऊ घालणाऱ्यांना मात्र लगेच अडवा. आज केळं घेतलं की उद्या तेच माकड पोरांच्या हातातली पिशवी ओढतं.

कचरा: फुटक्या बाटल्या पोत्यात टाकू नका, पोतं उचलताना काच मांडीत घुसते. जाड हातमोजे, चिमटा आणि प्लॅस्टिकची बादली घ्या. चिप्सची पाकिटं आधी वेचा. त्यांना मिठाचा वास असतो म्हणून सांबरं ती चघळतात, आणि प्लॅस्टिक पोटात साचून अन्न पुढे सरकत नाही.

प्रथमोपचाराच्या पिशवीत क्षारसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पाकिटं हवीत, एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात घट्ट कालवून दिलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. पाऊस नुकताच सरलेला असताना जळवा असतात. त्या ओढून काढू नयेत, तोंडाचा भाग कातडीत राहतो. नख आडवं सरकवून आधी बारीक टोक सोडवा, मग जाड. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. धुऊन कापूस दाबून धरा, घाबरायचं काही नाही. साप चावला तर अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, अवयव लाकडी पट्टीनं स्थिर करा, माणसाला चालवू नका. घट्ट आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. जंगलात फोन लागत नाही, म्हणून कुठे लागतो ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. इथला हिरवट मलबार चापडाही चावतो, आणि आपल्याकडची सर्पविषावरची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, चापड्यावर नव्हे. तरीही जायचं दवाखान्यातच, उपचार डॉक्टर ठरवतील. आग्या मोहोळ उठलं तर हात झटकू नका, तोंड झाकून गाडीकडे पळा. अत्तर लावून येणाऱ्या मुलामुलींना सकाळीच परत धाडा.

संध्याकाळी शेवटची जीप येईपर्यंत हजेरी बंद करायची नाही. प्रत्येक जिपेत किती माणसं गेली आणि किती परतली, हे आकडे एकाच वहीत, एकाच हातानं लिहिलेले असावेत. नंतर आपल्या मुलांची मोजणी. बसमध्ये चढण्याआधी कपडे झटकून गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे गोचीड बघा. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडींमुळे होतो. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. कपडे घरी गेल्यावर लगेच गरम पाण्यात. वाटेत मेलेलं माकड दिसलं असेल तर त्याला हात न लावता जागा वनरक्षकाला सांगूनच निघा. आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत कुणाला ताप भरला, तर डॉक्टरला सर्वांत आधी सांगायचं, की मी मोलेच्या रानात होतो.