कनोसाच्या दाराशी राजा

(दृश्य: अपेनाइन डोंगरातला पडका किल्ला)

जानेवारी 1077. उत्तर इटलीतला कनोसा किल्ला. जर्मनीचा राजा चौथा हेन्री दाराशी उभा आहे. राजचिन्हं उतरवलेली, अंगावर साधी लोकरीची वस्त्रं, पाय अनवाणी. असे तीन दिवस. आत पोप सातवे ग्रेगरी आणि किल्ल्याची मालकीण माटिल्डा.

भांडण होतं बिशप कोणी नेमायचा याचं. बिशपाच्या हाती जमीनजुमला असे, महसूल असे, शिपाईसुद्धा. तो मर्जीतला नसेल तर राजानं राज्य चालवायचं कसं? हेन्रीनं पोपलाच गादी सोडायला फर्मावलं. 1076 च्या फेब्रुवारीत ग्रेगरींनी त्याला बहिष्कृत केलं आणि प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. खरा घाव शपथेचा. सरदार टपूनच बसले होते.

म्हणून हेन्री भर हिवाळ्यात बायकोमुलासह आल्प्स ओलांडून आला. पश्चात्ताप किती खरा, देव जाणे. डाव मात्र पक्का होता. पापी दाराशी येऊन क्षमा मागतोय म्हटल्यावर धर्मगुरू नाही कसं म्हणणार? क्षमा मिळाली. सात वर्षांनी याच हेन्रीनं रोम घेतलं, आणि 1085 मध्ये ग्रेगरी सालेर्नोत परागंदा असताना वारले.

(दृश्य: हस्तलिखिताचं पान)

त्याच सुमारास अल्सासमधला मानेगोल्ड नावाचा धर्मोपदेशक ग्रेगरींची बाजू मांडायला बसला. त्यानं दाखला दिला डुकरं राखणाऱ्या गड्याचा. ठरल्या मजुरीवर ठेवलेल्या गड्यानं डुकरं राखायची सोडून चोरली, मारली, हरवली, तर मालक मजुरी न देता त्याला हाकलून देतोच ना? मग राजाला वेगळा न्याय कशाला? लोक एकाला आपल्यावर बसवतात ते जुलमापासून वाचायला. तोच जुलूम करू लागला, तर करार त्यानं मोडला; लोक मोकळे.

राजाला गड्याच्या रांगेत बसवणारं हे लिखाण अकराव्या शतकातलं आहे! मानेगोल्ड काही लोकशाहीवाला नव्हे, त्याला पोपचा हात वर ठेवायचा होता. पण राजाला खाली खेचण्याच्या भरात त्यानं सत्तेचा उगम लोकांच्या करारात नेऊन ठेवला.

पोपला मात्र हा न्याय लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो प्रसंग 1415 मध्ये आला. पोपपदाचे तीन दावेदार एकाच वेळी उभे असताना कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेनं आपला अधिकार पोपच्याही वर असल्याचं जाहीर केलं, आणि त्यांतल्या एकाला, तेविसाव्या जॉनला, त्याच वर्षी पदावरून काढलं.