माळवदाखालचं स्वयंपाकघर: काय ठेवायचं, काय बदलायचं

(दृश्य: काळवंडलेल्या तुळया, वर किलच म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात साणं म्हणजे उजेड-धुरासाठी छतात ठेवलेलं भोक)

लातूर, धाराशिव, बीडकडच्या जुन्या वाड्यात स्वयंपाकघराचा विषय निघाला की बोलणं ओट्यापासून सुरू होतं. ग्रॅनाइट की कडाप्पा, ट्रॉल्या की फळ्या. मॉड्युलरवाला माप घ्यायला येतो तोही छताकडे बघत नाही. पण बघायचं आधी तिथेच.

माळवदावर, म्हणजे तुळया-किलचांवर माती टाकून केलेल्या सपाट छतावर, फूटभर पांढरी माती असेल, तर दहा बाय बाराच्या खोलीवर कोरडं वजनच पाच टनांच्या पुढे जातं. पावसाळ्याआधी नवी माती टाकायची पद्धत आहे. जुनी उतरवायची मात्र कुणाला सुचत नाही, म्हणून थर चढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात असली जड छतं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. या भिंती बाहेरून दणकट दिसतात. आत मात्र दगडाचे दोन वेगळे थर आणि मधे माती-कपऱ्यांची भर असते. दोन्ही थरांना आरपार बांधणारा जोडदगड नसेल, तर हादऱ्यात ते एकमेकांपासून सुटतात.

(दृश्य: भिंतीलगत सोडलेला ओळंबा)

म्हणून पहिलं काम ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघायचं. भिंतीला पोट आलं असेल, ठोकल्यावर आवाज पोकळ येत असेल, तर तिथे जपण्यासारखं काही उरलेलं नाही. छताला टेकू देऊन तेवढी भिंत उतरवून पुन्हा रचावी लागते. भेग जुनी की वाढती, हे कळायला तिच्यावर काचेची पट्टी चुन्यात आडवी बसवा. एका पावसाळ्यात काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक टोकदार आरीनं (चांभाराच्या टोच्यानं) टोचून बघा. कुजणं तिथूनच सुरू होतं. मधला सागवान वरून काळा दिसला तरी बहुधा ठणठणीत असतो.

भिंत सरळ असेल तर ती ठेवाच. साधारण मीटर-मीटरवर एकेक दगड हातानं, घण न मारता सैल करून काढायचा, आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. सोबत माळवदाची जादा माती उतरवायची. किती उतरवायची हे तुळया बघून अभियंत्याला ठरवू द्या.

यापुढे आमचं मत एकच: जुन्या भिंतीत काही खुपसू नका, नवं स्वयंपाकघर जमिनीवर उभं करा.

(दृश्य: ब्रेकरनं खोदलेली भिंत, आतून गळणारी माती)

नळाचे पाइप भिंतीत गाडायला ब्रेकर लावला की दगडांमधली माती झडते. पुढे जोड ठिबकायला लागला तर उरलेली माती वाहून जाते, आणि वर टाइल असल्यानं भिंत आतून रिकामी झालेली महिनोन् महिने कळत नाही. पाइप आणि वायरची पट्टी भिंतीवरूनच, उघडी न्या. सिंक मोरीच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीशी ठेवा. सांडपाण्याच्या पाइपाला चार फुटांना सव्वा इंच उतार हवा. ओट्याची फळी भिंतीत न घालता कडाप्प्याच्या उभ्या पायांवर ठेवा. इंडक्शनला स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन, नवं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारं बटण) घ्या.

आठवड्याला पाणी येणाऱ्या गावात साठवण लागतेच. पण हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन; ती माळवदावर चढवू नका. अंगणात कट्टा बांधून छोटा पंप लावा.

भिंतीला सिमेंटचं प्लास्टर नको. ओल आत अडकते आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटतात. मुरवलेला कळीचा चुना एक भाग, वाळू दोन ते तीन भाग, थोडी सुरखी (विटांची भुकटी). थर पातळ आणि आठवडाभर ओला. वाळायला वेळ लागतो, गवंडी कुरकुरतो, पण हे काम टिकतं.

गॅसचं एक ध्यानात असू द्या. तो हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. जवळ पेव (जमिनीतलं धान्याचं भुयार) किंवा रिकामं बळद (धान्याची बंद कोठी) असेल तर तिथेच उतरेल. सिलिंडर तिथून दूर ठेवा आणि जमिनीलगत जाळी काढा. जुन्या खोल्यांत झरोके बहुधा उंचावरच असतात. चिमणीसाठी भिंत फोडू नका. सहा इंची नळी साण्यातून वर न्या, भोवती अर्धा फूट उंच चुन्याची कड करा, म्हणजे पाणी उतरणार नाही.

चूल भाकरीपुरती अंगणात पत्र्याखाली हलवली तर धुराचा त्रास मिटतो. पण त्याच धुरानं इतकी वर्षं किलचांची कीड दूर ठेवली होती. तो बंद झाल्यावर लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचं द्रावण दोन हात द्या आणि भिंतीच्या कडेला वाळवीच्या रेघा अधूनमधून बघत जा.

छताचं काम होळीनंतर लगेच काढा, म्हणजे मृगाआधी माळवद झाकून होतं. ओटा, नळ, वायर नंतर पावसाळ्यातही होतात.