समेवर कॅमेरा कुठे असतो?

गिरगावातल्या एका वाचनालयात, पडद्यावरच्या मैफलीआधी केलेलं भाषण

नमस्कार मंडळी. पडदा लावून झालाय, प्रोजेक्टरची जोडणी चाललीय आणि तेवढ्या वेळात मला बोलायला सांगितलंय. आज आधी एका गायकावरचा माहितीपट आहे, मग चहा, आणि त्यानंतर एका मैफलीचं संपूर्ण चित्रमुद्रण. मधे जाहिरात नाही की काटछाट नाही. हा क्रम मी मुद्दाम सुचवला. माणूस आधी घरात, रियाजाला बसलेला दिसावा आणि मग रंगमंचावर, म्हणजे रंगमंचावरचं गाणं वेगळं ऐकू येतं.

मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणाचं काम केलं. टीव्हीसाठी मैफल मुद्रित होताना मी बहुतेक वेळा एखाद्या कोंदट खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेला असे. समोर तीन-चार मॉनिटर आणि शेजारी कॅमेऱ्यांना सूचना देणारा दिग्दर्शक. माझं काम आवाजाचं, पण डोळे त्या मॉनिटरांवरच खिळलेले असत. त्यामुळे आज आवाजापेक्षा चित्राबद्दलच जास्त बोलणार आहे.

सुरुवात मात्र चाळीपासून करतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं. पुढे काही वर्षांनी आमच्या मजल्यावर एक टीव्ही आला, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, चित्र अर्थातच काळंपांढरं. छायागीत किंवा रविवारचा सिनेमा असला की त्या काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. शास्त्रीय गायन लागलं की खोली रिकामी व्हायची. आया-मावश्या कुकर लावायला उठायच्या, पोरं गॅलरीत पळायची. उरायचे ते काका, माझे आजोबा आणि आजोबांना टेकून बसलेला मी.

आजोबा रेडिओवर वाढलेले श्रोते. आकाशवाणीची राष्ट्रीय संगीतसभा १९५२ साली सुरू झाली, तेव्हापासून त्यांची शनिवारची रात्र ठरलेली. तबलजी नुसत्या ठेक्यावरून ओळखायचे. पण त्यांच्या खिशाला परवडणारी जागा शेवटच्या रांगेतली, त्यामुळे वाजवणारा हात त्यांनी जवळून कधी पाहिलेला नव्हता. एका संध्याकाळी टीव्हीवर तबल्याचं वादन होतं आणि कॅमेरा डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या वाद्यावर, जाऊन थांबला. पुडीवर बोटं पडत होती आणि मनगट अगदी किंचित, करंगळीच्या नखाएवढं, पुढं सरकत होतं. ते सरकलं की डग्ग्याचा घुमारा वर चढायचा, जणू कुणी विचारतंय, ‘हो का?’ आजोबा चटईवर पुढे सरकत सरकत टीव्हीपासून हातभर अंतरावर गेले आणि म्हणाले, “अरे, हा मनगटानं बोलतोय!” पन्नास वर्षं ऐकलेला आवाज त्यांना त्या दिवशी दिसला. घरी आल्यावर जेवताना ते डावं मनगट ताटाच्या कडेवर सरकवून बघत होते, आणि आजी ‘आमटी सांडेल’ म्हणून ओरडत होती.

टीव्हीवरच्या संगीताबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या मनगटात आहे. आवाज रेडिओही देतो, आणि ध्वनिमुद्रिका तर बऱ्याचदा अधिक चांगला देते. सभागृहात आपण सगळे एका हवेत बसतो, त्याची बरोबरी कशानंच होत नाही. पण गाणं माणसांमाणसांत कसं घडतं, कोण कुणाकडे बघतं, कुणाचा हात कुणासाठी थांबतो, हे विसाव्या रांगेतून दिसत नाही. ते कॅमेरा दाखवू शकतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याला थांबता आलं पाहिजे.

थोडा हिशेब करू. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात बारा मात्रा, म्हणजे ठोके. किराणा घराण्याच्या पद्धतीच्या अतिविलंबित लयीत एका मात्रेला साधारण चार सेकंद धरा. म्हणजे एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं. आता एखादा दिग्दर्शक दर पाच सेकंदांनी चित्र बदलत असेल, तर एका आवर्तनात आपण नऊ-दहा ठिकाणी जाऊन येतो. गायक अजून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, ‘नी’वरच आहे, षड्जाकडे, म्हणजे ‘सा’कडे, यायचा विचार करतोय, आणि आपण पेटी बघितली, तंबोरा बघितला, झुंबर बघितलं, पहिल्या रांगेतले पाहुणे बघितले. कान एका लयीत, डोळे दुसऱ्या लयीत. थोड्या वेळानं माणूस कंटाळतो आणि म्हणतो, शास्त्रीय संगीत फार संथ असतं बुवा. संथपणाचा त्रास त्याला नसतो. त्याचे कान आणि डोळे एकमेकांशी भांडत असतात.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं प्रक्षेपण करणाऱ्यांना एक मोठी सोय असते. त्यांच्यासमोर छापील स्वरलिपी असते. कितव्या मापात सनई-बासऱ्यांसारखी वाद्यं उचल घेणार, कधी ढोल वाजणार, हे आधी माहीत असल्यामुळे तिथंच कॅमेऱ्याच्या खुणा करून ठेवता येतात. बीबीसीनं लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवाची मैफल टीव्हीवर पहिल्यांदा दाखवली १९४७ साली. व्हिएन्नाची नववर्षाची मैफल १९५९पासून दर १ जानेवारीला टीव्हीवर दिसते. तिचं संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी पाच वेळा केलंय. तिथं कॅमेरा बरोबर वेळेवर बरोबर वादकावर असतो, आणि आपल्याला वाटतं ही यंत्रांची करामत. ती त्या स्वरलिपीची आणि तालमीची करामत आहे.

आपल्याकडे कागद नाही. तान कुठून निघेल ते गाणाऱ्यालाही दोन क्षण आधीच कळतं. म्हणून ख्यालाचं, म्हणजे रागात बंदिश खुलवत नेणाऱ्या गायनाचं, चित्रण करणारा माणूस आधी श्रोता असावा लागतो. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला की त्याच्या अंगात सम, आवर्तनाची पहिली मात्रा, यायला हवी. मी काही फार चांगल्या दिग्दर्शकांबरोबर काम केलं. त्यातले एक मुखड्याच्या आधीच हळूच म्हणायचे, “आता कुणी हलू नका.” गायक आणि तबलजी दोघंही एकाच चौकटीत. गायकाची मान वळते, तबलजीची भुवई उचलली जाते, दोघं एकमेकांकडे बघत समेवर येतात आणि हसतात. ते हसू दिसलं की घरात टीव्हीसमोर बसलेला माणूसही मान हलवतो. त्याच क्षणी जर तुम्ही प्रेक्षकांतल्या प्रसिद्ध चेहऱ्यावर गेलात, तर सम गेली. कानांना मिळाली, डोळ्यांची हुकली. आज रात्री बघताना एवढं एकच लक्ष ठेवा, समेवर कॅमेरा कुठे असतो.

प्रेक्षकांकडे जाऊच नये असं मात्र नाही. जून १९६७मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथं पॉप संगीताचा मोठा महोत्सव झाला. त्यावर डी. ए. पेनेबेकर यांनी केलेल्या चित्रपटाचा शेवट सतारवादक रविशंकर आणि तबलावादक अल्लारखाँ यांच्या वादनानं होतो. तिथं सतार ऐकू येते, पण कॅमेरा बराच वेळ माणसांतच फिरत राहतो. गवतावर बसलेली, डोळे मिटलेली, नुसतीच बघत असलेली तरुण मुलं. स्वतः गिटार वाजवणारे नामांकित लोकही श्रोत्यांत बसलेत. वादक खूप उशिरा दिसतात. मग लय वाढते, झाला, म्हणजे शेवटचं द्रुत वादन, सुरू होतो, आणि कॅमेरा हातांना सोडत नाही. इथं प्रेक्षक दाखवलेत ते सजावट म्हणून नव्हे, ऐकणं कसं दिसतं ते दाखवायला. माहीमला मुक्काम असलेले आपले अल्लारखाँसाहेब तिथं सतारीकडे कसे बघतात, ते बघण्यासाठी तरी तो भाग बघा. एवढ्या मोठ्या जमावासमोर त्यांना एकच माणूस दिसतोय.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला अजून सलते. एका उपनगरातल्या नाट्यगृहात एका वाहिनीसाठी आम्ही मैफल मुद्रित केली. गायिकेनं यमन राग मांडला, ख्याल चाळीस मिनिटांच्या वर गेला. गंधारावर, म्हणजे ‘ग’वर, ती इतका वेळ राहिली, तऱ्हेतऱ्हेनं त्याच्याकडे येत राहिली, की हेडफोनमध्ये मला सभागृहातलं खोकणंसुद्धा ऐकू येईना. प्रक्षेपित झाला तेव्हा ख्याल अकरा मिनिटांचा उरला होता. मंद्रातले दोन-तीन आलाप, आणि एकदम तार षड्ज, वरचा ‘सा’. मागे तंबोऱ्यावर बसलेली तिची शिष्या मला नंतर भेटली. तिनं एवढंच विचारलं, “दादा, गंधार कुठं गेला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या टेपवर तो होता, लोकांपर्यंत पोचला नाही. तार षड्ज हा काही उंच सूर म्हणून मोठा नसतो. तिथवर चढून येण्यात जी बढत, म्हणजे सुरासुरानं राग वाढवत नेणं, असते तिच्यामुळे तो लागल्यावर अंगावर काटा येतो. बढत काढून टाकली की उरते नुसती पट्टी.

त्या शिष्येचा चेहरा मात्र प्रक्षेपणात दोनदा दिसला, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. तंबोऱ्यामागचा चेहरा फार कमी लोक बघतात. गुरूनं नेहमीच्या वाटेनं न जाता भलतीच जागा घेतली की आधी त्या चेहऱ्यावर कळतं. डोळे विस्फारतात, बोटं मात्र तारांवर तशीच चालू असतात.

माहितीपटांविषयी थोडं. चांगला संगीतावरचा माहितीपट कलाकाराचं कौतुक करत बसत नाही. आपल्या इथल्या पेडर रोडवर मुख्यालय होतं त्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेनं कलाकारांवर बरंच काम करवून घेतलं. मला सर्वांत जवळचा आहे तो मणि कौल यांचा १९८२चा ‘ध्रुपद’. झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा, त्यांचे धाकटे भाऊ झिया फरिदुद्दीन डागर यांचं गायन. निवेदन अगदी मोजकं. पण शेवटाला एक प्रदीर्घ दृश्य आहे, ज्यात आलाप चालू आहे आणि कॅमेरा मुंबईवरून, इमारतींवरून, घरांच्या छपरांवरून सरकत राहतो. राजवाड्यातलं, देवळातलं म्हणून आपण ज्या संगीताला लांब ठेवतो, ते आपल्या पत्र्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून वाहतंय असं वाटतं. मोठे डागरसाहेब चेंबूरला राहायचे, त्यांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला. म्हणजे ते दृश्य काही उसनं आणलेलं नाही. आपल्याच शहरावरून त्यांचाच सूर जातोय. मी पहिल्यांदा बघितलं त्या रात्री घरी जाताना लोकलच्या दारात उभं राहून करी रोड ते दादर नुसती छपरं बघत होतो.

आणि गायिका किशोरीताई आमोणकरांवरचा अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा ‘भिन्न षड्ज’. तो बघताना जाणवतं की सुराबद्दल एवढ्या आग्रहानं बोलणारं माणूस आपल्या प्रभादेवीत राहत होतं.

परदेशात ‘बीबीसी फोर’ नावाची वाहिनी २००२ साली सुरू झाली आणि तिनं शुक्रवारची रात्र संगीताला दिली. एखाद्या गायकावर किंवा काळावर माहितीपट, आणि त्याला लागून जुनं मैफलीचं चित्रमुद्रण. हे मला आजच्या आपल्या संध्याकाळसाठी महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं वार ठरलेला आहे. मोबाइलवर आज सगळं मिळतं, प्रसार भारतीनं आपल्या संग्रहातलं कितीतरी यूट्यूबवर ठेवलंय. पण कधीही बघता येणारी गोष्ट आपण उद्यावर टाकतो. आजोबांचा शनिवार ठरलेला होता म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं.

शिवाय रात्रीचा एक प्रश्न आहे, ज्यावर मुंबईकरांनी विचार करायला हवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. शेजाऱ्यांची झोप महत्त्वाची आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उघड्या मंडपातल्या रात्रभराच्या बैठका त्याबरोबर गेल्या. दरबारी, अडाणा, मालकंस या रागांची वेळ सुरू होते तेव्हा माइक बंद झालेला असतो. आता या रागांना त्यांच्या वेळी ऐकायची जागा म्हणजे आपलंच घर. खिडक्या लावा, आवाज खोलीपुरता ठेवा, आणि मध्यरात्री मालकंस लावा. दुपारी चार वाजता ऐकलेला मालकंस आणि हा, यात केवढा फरक आहे ते स्वतः बघा.

घरी लावताना एक करा. सपाट टीव्हीच्या आतले स्पीकर बारीक आणि खाली तोंड करून असतात. काळी एक या पट्टीत तंबोरा लावला तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. तो मूळ आवाज त्या स्पीकरांना झेपत नाही, आणि डग्ग्याचा घुमाराही निम्मा जातो. माळ्यावर ठेवलेला जुना स्टिरिओ खाली काढा आणि वायरनं जोडा. ब्लूटूथनं जोडलात तर आवाज किंचित मागे राहतो, आधी बोट पडलेलं दिसतं आणि मग ‘ना’ हा तबल्याचा बोल ऐकू येतो. तबल्याला ते चालत नाही.

इथं आम्ही वायरनंच जोडलंय. मघाशी तंबोरा लावून बघितला, मागच्या खांबापर्यंत खर्ज येतोय. फक्त वरचा हा पंखा फार आवाज करतो. उकडेल थोडं, पण माहितीपट संपून मैफल सुरू होईल तेव्हा तो बंद करू. दारापाशी बसलेल्या ताई, बटण तुमच्या मागेच आहे. तबला लावायला घेतील, तेव्हा करा बंद.