ध्रुवाजवळचं गाव आणि आपला पाऊस

श्रोतेहो, नमस्कार. जुलै उजाडला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? 43 फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. हा पाऊस नीट समजावा म्हणून आपल्या देशाची माणसं पार उत्तरेला एका गावात जातात. त्या गावाबद्दल आज बोलायचं आहे.

गावाचं नाव नी-ऑलेसुंड. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ते वसलंय. तिथून उत्तर ध्रुव सुमारे 1200 किलोमीटर. ऑक्टोबरअखेर बुडालेला सूर्य उगवतो तो फेब्रुवारीत. हिवाळ्यात वस्ती तीस-चाळीस माणसांची. घरांना कुलपं नसतात. पांढरं अस्वल समोर आलं तर कुणालाही जवळच्या दारात शिरता यावं म्हणून. ही रीत मला फार मोलाची वाटते.

मुळात हे कोळशाच्या खाणीचं गाव. 1962 मध्ये खाणीत स्फोट होऊन 21 कामगार दगावले आणि पुढच्याच वर्षी खाण बंद झाली. मग तिथं शास्त्रज्ञ आले. 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्रही तिथं आहे. आधी आपली माणसं उन्हाळ्यातच जात. डिसेंबर 2023 पासून हिवाळी मोहीमही सुरू झाली.

तिथं वायफाय आणि ब्लूटूथला मनाई आहे. अंतराळातून, अतिदूरच्या क्वेसारांकडून, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या प्रखर तेजस्वी गाभ्यांकडून, येणारे अगदी क्षीण रेडिओ संकेत तिथल्या अँटेना टिपतात आणि त्यावरून पृथ्वीच्या फिरण्यातला बारीकसा फरकही मोजला जातो. आपल्या खिशातल्या फोननं त्यात गोंगाट होतो.

गावालगतच्या खाडीत 2014 साली भारतानं 'इंडआर्क' ही वेधयंत्रणा सोडली. पाण्याचं तापमान आणि खारटपणा ती वर्षभर नोंदवते. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातलं बर्फ उन्हाळ्यात कमी झालं, तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी वाढते, असा संबंध आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडलाय. 2019 आणि 2021 चा महापूर या बर्फामुळं आला, असं मात्र कुणी समजू नये. पण मान्सूनचे धागे किती लांबवर गेलेत, ते यातून कळतं.

हे सगळं काम चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे गोव्यात, वास्कोला. घाट उतरलं की आलं. भौतिकशास्त्र, भूशास्त्र, जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तिथली चौकशी जरूर करावी.