बिऱ्हाड पुढे, पागा मागे

(पडद्यावर : सपाट माळ, तारेचं कुंपण, पलीकडे ओळीने उभे चंदेरी ट्रेलर. वाऱ्याचा आवाज.)

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीपासून नैऋत्येला तासाभराच्या आत चिकशा नावाचं गाव लागतं. सिमरॉन आणि हार्ट ही घोड्यांच्या ट्रेलरमधली दोन मोठी नावं याच गावची. फोर-स्टारचा कारखाना खुद्द ओक्लाहोमा सिटीत, सनडाउनरचा दक्षिणेला कोलमनला. साहजिकच या पट्ट्यात नव्याबरोबर जुन्या ट्रेलरचाही बाजार आहे. घरापुढच्या अंगणात, पंपाच्या कडेला, हमरस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत 'विकणे आहे'ची पाटी लावून ट्रेलर उभे दिसतात.

यातले बरेचसे नुसते घोडे नेणारे नाहीत. मागे घोड्यांची ठाणं आणि पुढे माणसांचं घर. पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. इथले लोक त्याला लिव्हिंग क्वार्टरवाला ट्रेलर म्हणतात.

घोड्याबरोबर घर कशाला न्यायचं? रोडिओचं, म्हणजे काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांचं, गणित बघितलं की उत्तर सापडतं. 1948 साली टेक्सासातल्या सॅन अँजेलोला 38 बायकांनी मिळून रोडिओतल्या स्त्रियांची संघटना काढली. तीन पिंपांना वळसे घालत घोडा दौडवायचा, तो बॅरल रेसिंगचा खेळ व्यावसायिक रोडिओत आज तिच्याच छत्राखाली चालतो. वर्षाअखेरीला लास व्हेगासच्या अंतिम स्पर्धेत जागा मिळते ती वर्षभरात सर्वात जास्त कमाई करणाऱ्या पहिल्या 15 जणींना. म्हणजे जितके रोडिओ गाठाल तितकी संधी. 4 जुलैच्या आसपास तर आज या राज्यात, उद्या त्या राज्यात अशी धावपळ असते. या दिवसांना इथे 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात. अशा वेळी मोटेलात खोली घ्यायची आणि घोडा बाहेर पार्किंगमध्ये बांधायचा, हे परवडतही नाही आणि घोड्याच्या जिवाला बरंही नाही. मग घरच सोबत न्यायचं.

घोडा चाकांवर बसवून नेण्याची युक्ती मात्र रोडिओपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यामागे निखळ सट्टेबाजी होती. 1836 साली इंग्लंडात लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या बड्या शौकिनाचा एलिस नावाचा घोडा डोनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीत उतरायचा होता. त्या काळी शर्यतीचे घोडे मुक्काम करत करत पायीच जात. एलिस शर्यतीच्या तोंडावर अजून दक्षिणेलाच आहे, आता काही तो पोचत नाही, असं बुकींनी धरलं आणि त्याच्यावर एकास कितीतरी असा चढा भाव देऊ केला. बेंटिंकने घोड्यासाठी गाडी बनवून घेतली, तिला घोडे जुंपले आणि एलिसला आरामात बसवून डोनकास्टरला नेलं. एलिस जिंकला. घोडे ओढतायत घोड्याला, हे दृश्य वाटेतल्या गावकऱ्यांनी कोणत्या नजरेने बघितलं असेल कोण जाणे!

(पडद्यावर : नवरा-बायको एका ट्रेलरभोवती फिरताना. विकणारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे.)

आता आपण ज्यांच्या मागे चाललो आहोत, ते जोडपं काही व्हेगासला निघालेलं नाही. शनिवार-रविवार आसपासच्या स्पर्धा, उन्हाळ्यात डोंगरात घोड्यावरून भटकंती, एवढाच त्यांचा व्याप. दोन घोडे आहेत, मागच्या आसाला चार चाकं असलेला ड्युअली पिकअप ट्रक आहे. समोरचा ट्रेलर 2008 सालचा, तीन घोड्यांचा. विकणारा 28,000 डॉलर म्हणतो. जुन्या मालाचा भाव इथे पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पार कुठेही असू शकतो, त्यामुळे आकड्यावरून काही ठरत नाही.

विकणारा सगळ्यात आधी पुढचं दार उघडतो. सगळे विकणारे तेच करतात. आत अक्रोडी रंगाची कपाटं, चामड्याचा सोफा, छताला मंद दिवे. ट्रेलरची मान ट्रकच्या हौद्यावर चढते, म्हणून याला गूजनेक म्हणतात. त्या मानेच्या पोकळीत वर पलंग केलेला. जाहिरातीत '10 फुटी शॉर्ट वॉल' असं लिहिलं होतं. घोडे आत तिरके उभे राहतात, त्यामुळे घर आणि पागा यांच्यामधली भिंतही तिरकी येते. घराची एक बाजू लांब, दुसरी आखूड. माप सांगतात ते आखूड बाजूचं. दोन फुटांचा फरक म्हणजे सोफा बसतो की नाही एवढा फरक.

बाई हे सगळं दारातूनच बघते आणि मागे जाते. शहाणी आहे. सोफा नंतरही बदलता येतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, अंगावरचे भोवरे बघतं. इथे गिऱ्हाईक रबरी चटई उचलतं. जड असते, एकट्याने निघत नाही. ती निघाली की खालचा वास आधी येतो, मग तळ दिसतो. घोड्याच्या मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, तो चटईखाली ओलसर राहतो आणि तळ खातो. तळ लाकडी फळ्यांचा असेल तर फळ्या कुजतात. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पांढरी भुकटी धरते, खड्डे पडतात. बरं, घोड्याचं वजन पाचशे किलो, आणि ते चार खुरांवर उभं. चालत्या गाडीत तळ फाटून पाय खाली गेला तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

इथे तळ लाकडी आहे. नवऱ्याने खिशातून पेचकस काढला आणि प्रत्येक फळीत टोचून बघायला सुरुवात केली. चांगल्या फळीत टोक जात नाही. मागच्या दाराजवळच्या दोन फळ्यांत ते बोटभर आत गेलं. आता तो ट्रेलरखाली आडवा झालाय, हातात बॅटरी. फळ्या बदलता येतात, फार महागही पडत नाहीत. बघायचं असतं ते त्यांच्या खालचे आडवे पोलादी बीम. वरचा गंज खरवडला की लोखंड निघतं का, पापुद्रेच निघत राहतात? दुसरी जागा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात ती. मिठाचं पाणी मिळालं की तिथे अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांतून आलेला ट्रेलर म्हणूनच दोनदा तपासतात. या ट्रेलरचे बीम धड आहेत.

पागेतलं बाकीचं बाई बघते. ठाणांमधले पडदे, म्हणजे हलत्या आडभिंती, एका हाताने उघडतात का, कडी अडकते का. अपघातात किंवा घोडा बिथरला तर सेकंदात मोकळा करावा लागतो. मागच्या कोपऱ्यात खोगीर ठेवायची खोली आहे. ती दुमडून भिंतीला लावता येते. पक्की असती तर दार अर्धं झालं असतं, आणि अरुंद दारातून आत जायला घोडे काचकूच करतात. खिडक्या, छतातले झरोके उघडून बघितले. कोंदट हवेत, मान वर बांधलेल्या अवस्थेत तासन्‌तास प्रवास झाला की घोड्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो, त्याचं नावच इथे 'शिपिंग फीव्हर' पडलं आहे. मान खाली घालून नाक मोकळं करता यावं म्हणून जाणते लोक दर तीन-चार तासांनी थांबतात.

(पडद्यावर : टायरची कड, अगदी जवळून.)

टायरवर अक्षरांच्या गर्दीत शेवटी चार आकडे आहेत : 3116. म्हणजे 2016 सालचा 31वा आठवडा. नक्षी अजून खोल आहे, टायर काळाभोर दिसतो. विकणारा म्हणतो, फारसा पळालेलाच नाही. तेच तर दुखणं आहे. ट्रेलरचे टायर पळून कमी आणि उभे राहून जास्त मरतात. उन्हाने रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात आणि जुलैच्या उन्हात, पूर्ण वजनावर, फुटतात. सहा वर्षांपुढचा टायर दिसायला कितीही चांगला असो, बदलायचाच. शिवाय यातल्या बऱ्याच टायरांना ताशी 65 मैलांची मर्यादा असते, आणि टेक्सासात रस्त्याची मर्यादा 75 दिसली की माणूस ते विसरतो.

आणि आता वजन. घोडं पेंड खातं ते इथे.

ट्रेलरच्या पत्र्यावर कमाल वजन लिहिलंय 14,000 पौंड. यात ट्रेलर आणि त्यातलं सगळं आलं. कागदावर रिकाम्या ट्रेलरचं वजनही आहे, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. सांगाडा बनवणारा कारखाना एक आणि आत घर बसवणारा दुसराच, असं या धंद्यात सर्रास चालतं. कपाटं, फ्रीज, टाक्या, जनरेटर हे सगळं नंतर चढलं. म्हणून या दोघांनी विकणाऱ्याला सांगून ट्रेलर ट्रकच्या वजनकाट्यावर नेला. रिकामा भरला 10,500 पौंड. तीन घोडे प्रत्येकी 1,100 धरले तर 3,300. झाले 13,800. तीस गॅलन पाणी म्हणजे 250. झाले 14,050. अजून वैरण नाही, चंदी नाही, खोगिरं नाहीत, माणसांचे कपडे नाहीत, आणि आकडा पत्र्याच्या वर गेला.

म्हणजे तीन घोड्यांचा म्हणून विकला जाणारा हा ट्रेलर तीन घोडे घेऊन नियमात चालूच शकत नाही. विकणारा खोटं बोलत नाहीये. ठाणं तीनच आहेत. त्याने वजन कधी केलं नव्हतं, इतकंच.

दोन घोड्यांचा हिशेब वेगळा निघतो : 12,950. हजारभर पौंड सामानाला उरतात. या दोघांकडे घोडे दोनच आहेत, त्यामुळे त्यांचं निभतं. मात्र ट्रककडेही बघायला हवं. गूजनेक ट्रेलर आपल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या मागच्या आसावर टाकतो. इथे तो तीन हजार पौंडांच्या घरात जातो. ट्रक किती ओढू शकतो हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. पाठीवर किती घेऊ शकतो हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर, लहानशा कागदावर. ड्युअलीमुळे यांचं जमलं. साध्या ट्रकवाल्याने हाच ट्रेलर घेतला असता तर पुढच्या महिन्यात त्याला ट्रकही घ्यावा लागला असता. असे लोक थोडे नाहीत.

(पडद्यावर : पुन्हा घराचा भाग. बाई पलंगावरची गादी उभी करते.)

घर बघायचं ते आता. गादीखाली, मानेच्या पुढच्या सांध्यापाशी, प्लायवूड दाबून बघायचं. मऊ लागलं तर पाणी मुरतंय. छताला एसीच्या आणि झरोक्यांच्या भोवती तपकिरी डाग आहेत का ते बघायचं. गळती जिथे दिसते तिथेच असेल असं नाही. इथे एसीच्या कडेला एक जुना डाग आहे, पण तळहाताला कोरडा लागतो. वर जाऊन बघितलं तर सांध्यावर नवा लेप दिलेला.

फ्रीज सुरू करून थांबायचं. हा घरच्यासारखा कॉम्प्रेसरवाला नाही. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने अमोनिया तापवून तो गारवा करतो, आणि ट्रेलर कलता उभा असेल तर नीट चालत नाही. मागची झडप उघडून पिवळी भुकटी दिसली तर तो फ्रीज गेला असं समजायचं. ज्या अमोनियाने मागचा तळ खाल्ला तोच इथे दूध गार ठेवतो, ही एक गंमत. पाण्याच्या नळ्यांपायी मात्र हिवाळ्यात खरेदी करू नये. थंडीत नळ्या फुटू नयेत म्हणून पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं, आणि आत चीर असली तरी वसंतापर्यंत कळत नाही. मे महिना असल्याने इथे टाकी भरून सगळे नळ सोडता आले. जनरेटर चालू झाला. वायूची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड सांगणारी यंत्रं मात्र मुदत संपलेली निघाली. ती स्वस्त असतात, पण जनरेटर लावून झोपणाऱ्याने त्यांच्यावाचून झोपू नये.

कागदपत्रांत एक गाठ आहे. मालकीच्या दाखल्यावर बँकेचा बोजा अजून उतरलेला नाही. यात गैर काही नाही, पण पैसे विकणाऱ्याच्या हातात न देता बँकेत एकत्र जाऊन कर्ज फेडायचं, दाखला मोकळा करून घ्यायचा आणि उरलेली रक्कम त्याला द्यायची. सांगाड्यावर कोरलेला 17 अक्षरांचा क्रमांक दाखल्याशी ताडायचा. त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. ट्रेलर न दाखवता आधी बयाणा मागणाऱ्याचा तर फोनच ठेवून द्यावा.

घासाघीस फार झाली नाही. दोन फळ्या, पाच टायर स्टेपनीसकट, दोन यंत्रं, एवढं बोट ठेवून दाखवल्यावर विकणारा 25,500 वर आला. बाईने एक अट घातली, की मधला काढता येणारा पडदा सोबत द्यायचा, गॅरेजमध्ये ठेवून घ्यायचा नाही. तिसऱ्या ठाणात ती वैरण रचणार आहे.

शुक्रवारी बँक झाली. घोडे राज्याबाहेर न्यायचे तर कॉगिन्स चाचणीचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा, अहवाल आणि पशुवैद्याचा दाखला लागतो, तो त्यांच्याकडे आधीच आहे. ट्रेलर ट्रकला लावला, दिवे आणि ब्रेक तपासले, आणि रिकामाच, ताशी 50 मैलांच्या वर न जाता, टायरवाल्याकडे नेला.